पाचही पेपरांत न आलेलं

“...मग हे कौतुक खरं म्हणायचं की खोटं, मास्तर?”

सायबू मास्तर लिंबाखाली बसून सुपातली ज्वारी निवडत होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, त्यामुळे खडे बोटांनीच शोधायचे. एक खडा सापडला. तो त्यांनी बाजूला टाकला.



श्रीरंग जावीर पुण्याहून एसटीनं सहा तास प्रवास करून आला होता. अजून तो पाणीही प्यायला नव्हता. आल्या आल्या त्यानं मास्तरांच्या पायांना हात लावला, पिशवीतून पाच पेपरांची कात्रणं काढून त्यांच्यापुढं पसरली आणि हा प्रश्न विचारला. मास्तरांना आता अक्षर दिसत नाही, हेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही.

“बस आधी,” मास्तर म्हणाले.

तो बसला.

माणदेशात तळेवाडी म्हणून गाव आहे. गावाच्या खालच्या अंगाला होलारांची वस्ती. लग्नाकार्यात वाजवणं हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. सायबू मास्तर ऐवळे यांनी तिथं चाळीस वर्षं बँड चालवला. वरातीला दणदणाट सगळेच बँड करायचे. तळेवाडीच्या बँडला लोक लांबून बोलावत ते एका धुनेसाठी. नवरी सासरी निघाली की बाकीची वाद्यं थांबायची आणि मास्तर एकटे क्लॅरिनेटवर पाठवणी वाजवायचे. धून त्यांनीच बसवलेली. ती सुरू झाली की नवरीकडचे तर रडतच, पण नवऱ्याकडची माणसंही मान खाली घालून उभी राहत.

पुढचे दात पडले तेव्हा मास्तरांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. दातांशिवाय ते धरता येत नाही.

त्यांच्या हाताखालून पुष्कळ जण शिकून गेले. त्यांनी जीव ओतून शिकवलं ते दोघांनाच. एक हा श्रीरंग. दुसरा संदिपान गेजगे.

दोघे एकाच वयाचे. आटलेल्या विहिरीत उतरून रियाज करायचे, कारण तिथं स्वतःचा सूर स्वतःला मोठा ऐकू येतो. सोळाव्या वर्षी एका दुपारी संदिपान पंचम लावून बसला होता. नुसता एक सूर. श्रीरंग ऐकत राहिला आणि त्याला कळून चुकलं की हे आपल्याला या जन्मी जमायचं नाही. त्यानं आपलं क्लॅरिनेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि विहिरीच्या पायऱ्या चढून वर आला. त्यानंतर त्यानं ते तोंडाला लावलं नाही.

पुढं तो शिकला, पुण्याला गेला, एका मोठ्या वर्तमानपत्रात संगीतावर लिहू लागला. त्याचा कान तिखट आहे असं सगळे मानत. तो स्वतः ते सगळ्यांहून जास्त मानत असे.

संदिपानही पुण्यालाच गेला, पण मागून. चौघांना गोळा करून त्यानं ‘खिलार’ नावाचा बँड काढला. हलगी, ड्रम, गिटार, ट्रंपेट आणि पुढं त्याचं क्लॅरिनेट. लग्नाच्या धुना रंगमंचावर आल्या. बघता बघता नाव झालं. सहा वर्षांत त्याला तळेवाडीला यायला सवड मिळाली नव्हती. दिवाळीला फोन यायचा, तेवढाच. मास्तर फोन कानाला घट्ट धरून ऐकायचे आणि पलीकडून फोन ठेवला तरी थोडा वेळ तसाच धरून ठेवायचे.

श्रीरंगानं त्याची सगळी रेकॉर्डिंगं ऐकली होती. पण अकरा वर्षं समोर बसून ऐकलं नव्हतं. एकाच शहरात राहून टाळलं होतं म्हणा. शेवटी गेल्या शनिवारी धीर करून गेला. पेपराचा माणूस म्हणून नव्हे, साधं तिकीट काढून. पहिल्या रांगेत बसला. पडदा वर गेला.

आणि कार्यक्रम फसला.

ड्रम इतका जोरात की हलगी ऐकूच येईना. ट्रंपेट दोनदा चुकीच्या जागी घुसलं. पण हे सगळं तो सोडून देऊ शकला असता. संदिपानच्या क्लॅरिनेटमध्येच काही नव्हतं. बोटं पळत होती, सूर मात्र मागं राहत होता. पाठवणी आली तेव्हा श्रीरंगानं डोळे मिटले... आणि लगेच उघडले. ती धून ती नव्हतीच.

लोक मात्र उभे राहून टाळ्या वाजवत होते.

सोमवारी पाचही पेपरांत कौतुक आलं. त्याचं स्वतःचं सदर गुरुवारी छापायला जायचं होतं. त्यानं एका बैठकीत लिहून काढलं, कडक लिहिलं, आणि ते पाठवायच्या आधी, का कोण जाणे, मंगळवारी सकाळची तळेवाडीची गाडी धरली.

मास्तरांनी सूप खाली ठेवलं.

“वाच,” ते म्हणाले. “पेपरातलं आधी.”

श्रीरंगानं वाचलं. एकानं लिहिलं होतं, मातीचा हुंकार. दुसऱ्यानं सुरांचं वादळ म्हटलं होतं. तिसऱ्याच्या मते ही संध्याकाळ शहर विसरणार नव्हतं. चौथ्यानं संदिपानला लोकसंगीताचा नवा नायक ठरवलं होतं. पाचव्यात मजकूर कमी आणि फोटो मोठा होता.

प्रत्येक कात्रण संपलं की मास्तर “बरं” म्हणत. पाच वेळा म्हणाले.

 वर लिंबात एक होला घुमत होता.

“ह्यात संदिपान कुठाय?”

श्रीरंगाला वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसेल. त्यानं सांगितलं की नाव पाचही ठिकाणी आहे, दोन ठिकाणी तर मथळ्यातच आहे.

“नाव न्हवं... तो कुठाय?”

श्रीरंगाला उलट बरंच वाटलं. आपण म्हणतो तेच मास्तर म्हणताहेत, असा त्याचा समज झाला. तो सांगू लागला की या लोकांना सूर कळत नाही, एकानं लिहिलं की बाकीचे त्याच्यावरून लिहितात. बँडचा तो कार्यक्रम इतका सुमार होता की...

मास्तरांनी हात वर केला.

“तू काय लिहिलंस त्ये वाच.”

श्रीरंगानं घडी घातलेला कागद खिशातून काढला. तो चांगलं वाचत असे, आवाज खालीवर करून वाचत असे. पण चार ओळी झाल्या नाहीत तोच मास्तरांनी त्याला थांबवलं. हलगीबद्दल, ड्रमबद्दल, गिटारबद्दल त्यांना ऐकायचं नव्हतं. संदिपानपासून सुरू कर, म्हणाले.

श्रीरंगानं पान उलटलं.

त्यानं लिहिलं होतं की पाठवणीच्या पहिल्या ओळीत, जिथं कधीच श्वास घ्यायची गरज नव्हती, तिथं वादकानं श्वास घेतला. दुसऱ्या ओळीत दोनदा घेतला. सूर पंचमाकडं चढत जातो, पण तिथं टेकायच्या आधीच वादक मागं फिरतो आणि ती कसर बोटांच्या चलाखीनं भरून काढतो. ऐकणाऱ्याला ती चलाखी कौशल्य वाटते. प्रत्यक्षात ती पळवाट आहे. धून संपताना शेवटचा सूर जितका लांबायला हवा त्याच्या निम्म्यावरच सोडून दिला जातो, आणि त्याच क्षणी ड्रम येऊन सगळं झाकून टाकतो. वादकाला पाठवणी वाजवायची नव्हती, ती उरकायची होती.

शेवटचं वाक्य श्रीरंगाला फार आवडलेलं होतं. ते वाचून तो थांबला.

मास्तरांचा चेहरा बदलला होता. ते पुढं झुकून बसले होते.

“पुन्हा वाच.”

त्यानं पुन्हा वाचलं.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. त्यांची बोटं मांडीवर हलत होती. क्लॅरिनेटच्या भोकांवरून फिरावीत तशी ती एकेक करून उचलली जात होती आणि टेकत होती. एका जागी ती थबकली.

“हितं घेतला श्वास? पहिल्या ओळीत... हितं?”

हो, तिथंच.

मास्तरांनी त्याला मांडीवर ताल धरायला लावला. श्वास कुठं तुटला ते त्या तालात दाखव, म्हणाले. श्रीरंगानं ताल धरला आणि बरोबर त्या जागी बोट उचललं. मास्तरांनी ते चार वेळा करून घेतलं. मग विचारलं, श्वास मोठा होता की चोरटा? श्रीरंगानं आठवून सांगितलं, चोरटा. अर्धाच. तोंडाच्या कडेनं घेतलेला.

“वाजवताना उभा कसा हुता?”

हे श्रीरंगानं लिहिलेलं नव्हतं. पण डोळ्यांसमोर होतं. संदिपान पाठवणीच्या वेळी उजवीकडं कलून उभा होता, उजवं कोपर बरगडीला घट्ट लावून. श्रीरंगाला तो नाटकीपणा वाटला होता. फोटोसाठी घेतलेला पवित्रा. आणि झालंही तसंच होतं. पाचव्या पेपरातला मोठा फोटो त्याच क्षणाचा होता.

मास्तरांनी विचारलं, फोटोत तोंड कसं दिसतंय?

श्रीरंगानं कात्रण उचललं. संदिपानचे डोळे घट्ट मिटलेले होते. कपाळाला आठ्या. खाली छापलं होतं, ‘सुरांत हरवलेला कलावंत’.

तो फोटोकडं बघत राहिला.



“पाच पेपरवाले,” मास्तर हळू म्हणाले. “आन् एकालाबी कळलं न्हाई, पोराला श्वास घेताना दुखतंय.”

श्रीरंगानं मान वर केली नाही.

“तुला कळलं.”

“आन् तू रागावलास.”

एवढं बोलून मास्तरांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. श्रीरंगाच्या हातात एका बाजूला कात्रण होतं, दुसऱ्या बाजूला त्याचा स्वतःचा कागद. दोन्ही खाली ठेवावीत की धरून ठेवावीत, त्याला कळेना.

मग तो बोलायला लागला. इतक्या वर्षांत कुणाजवळ बोलला नव्हता. त्यानं विहिरीतली ती दुपार सांगितली. क्लॅरिनेट पेटीत ठेवलं तेव्हा वाईट वाटलं नाही, म्हणाला. आपल्याला नाही तर नाही, पण तो सूर जगात आहे, आपल्या मित्राजवळ आहे, मनात येईल तेव्हा जाऊन ऐकता येईल, एवढ्यावर त्याची समजूत पटली होती. त्याच भरवशावर तो पुण्याला राहिला. ऐकायला मात्र गेला नाही, कारण जपून ठेवलं होतं. म्हातारपणासाठी माणूस एखादी गोष्ट जपून ठेवतो तसं. आणि शनिवारी जाऊन पाहिलं तर ती जागा रिकामी. भोवतालची माणसं उभी राहून टाळ्या वाजवताहेत, आणि काय गेलं ते त्याला एकट्यालाच ठाऊक.

“मला तो सूर हवा होता, मास्तर. दुसरं काही नको होतं.”

मास्तरांचा हात ज्वारीत तसाच राहिला.

“मला न्हाई व्हय?” ते म्हणाले.

संध्याकाळच्या गाडीला अजून तास होता. श्रीरंगानं उठून माठातलं पाणी घेतलं, मास्तरांनाही दिलं. निघताना त्यानं विचारलं की या कागदाचं काय करू? छापू की फाडून टाकू?

मास्तर म्हणाले, फाडू नकोस. यातलं एक अक्षरही खोटं नाही.

“मग छापू?”

“ज्याच्या श्वासाचं लिवलंयस, त्याला आधी वाचून दाव.”

बुधवारी दुपारी श्रीरंग संदिपानच्या घरी गेला. दार संदिपाननंच उघडलं. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं. संदिपान पूर्वीपेक्षा वाळला होता. रंगमंचावरच्या दिव्यांत ते दिसलं नव्हतं.

श्रीरंगानं वेळ न घालवता सांगितलं की एक मजकूर आणलाय, वाचून दाखवायचाय, ऐकून घे. संदिपान खुर्चीत बसला. श्रीरंगानं उभ्यानंच वाचलं, तेही आवाज खालीवर न करता. ‘उरकायची होती’ या वाक्यापाशी तो अडखळला. पण त्यानं ते गाळलं नाही.

वाचून संपल्यावर त्याला वाटलं, आता हा आपल्याला हाकलून देणार.

संदिपान रडत होता. आवाज न करता, उजवी बरगडी हातानं दाबून धरून.

“तू पहिल्या रांगेत बसला हुतास,” तो म्हणाला. “तुला बघितलं आन् वाटलं, सुटलो. आज सापडलो.”

मग त्यानं हळूहळू सगळं सांगितलं. दिवाळीपासून उजव्या बाजूला दुखत होतं. आधी वाटलं, प्रवासानं असेल. नंतर ताप येऊ लागला, दुपारचा, बारीक. पंचमापर्यंत दम पोचेना. कार्यक्रम ठरलेले, चौघांची घरं त्यावर चालणारी, कुणाला काय सांगणार? पहिल्यांदा त्यानं तो सूर चुकवला तेव्हा दुसऱ्या दिवशीचा पेपर त्यानं दुपारपर्यंत उघडला नाही. पेपरात कौतुक आलं होतं. दुसऱ्यांदा चुकवला, तेव्हाही कौतुक आलं. मग प्रत्येक कार्यक्रमाला तो वाट बघायचा, आज कुणीतरी ओळखेल. कार्यक्रमानंतर माणसं खोलीत यायची, हात हातात घ्यायची, फोटो काढायची. कुणी विचारायचं नाही.

“कौतुक वाचलं की वाटायचं, मी मेलो तरी हे असंच लिहितील.”

श्रीरंग खाली बसला. जमिनीवरच, त्याच्या पायांशी.

त्याच संध्याकाळी तो त्याला दवाखान्यात घेऊन गेला. तपासण्या झाल्या. फुफ्फुसाच्या आवरणात पाणी साठलं होतं, क्षयाचं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं की आणखी दोन महिने असाच वाजवत राहिला असता तर अवघड होतं. आता गोळ्या नियमानं घ्यायच्या, विश्रांती घ्यायची. आणि क्लॅरिनेट बंद.

संदिपाननं विचारलं, किती दिवस?

सहा महिने तर नक्की. पुढचं पुढं.

गुरुवारच्या सदरात त्या आठवड्यात श्रीरंगाचं काही आलं नाही. संपादकांनी फोन केला तेव्हा, लिहिलेलं आहे पण देता येत नाही, एवढंच तो म्हणाला. कागद संदिपाननं त्याच्याकडून मागून घेतला होता. ‘खिलार’चे पुढचे कार्यक्रम रद्द झाले. दोन पेपरांनी लिहिलं की बँड नव्या प्रयोगाच्या तयारीसाठी थांबला आहे आणि रसिकांची उत्सुकता शिगेला पोचली आहे.

ट्रंपेटवाला आणि ड्रमवाला दुसऱ्या बँडमध्ये गेले. हलगीवाला आठवड्यातून एकदा येऊन बसायचा.

श्रीरंग रोज जायचा. सकाळच्या गोळ्या समोर घ्यायला लावायचा. दोघे फारसं बोलत नसत. क्लॅरिनेट कपाटावर ठेवलेलं होतं, आणि बोलता बोलता दोघांचीही नजर तिकडं जायची. कधी कधी संदिपान झोपला की श्रीरंग त्याच्या श्वासाकडं कान लावून बसे. आत जाणारा, बाहेर येणारा. इतक्या लक्षपूर्वक त्यानं कुठलीच मैफल ऐकली नव्हती.

मास्तरांना तो दर रविवारी फोन करी. मास्तर एकच विचारत.

“श्वास कसा हाय?”

आठ महिन्यांनी डॉक्टरांनी गोळ्या थांबवल्या. थोडं थोडं वाजवून बघायला हरकत नाही, म्हणाले. पण उजव्या बाजूचं फुफ्फुस पहिल्यासारखं पूर्ण फुलणार नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दवाखान्यातून बाहेर आल्यावर श्रीरंगाला वाटलं, हा घरी जाऊन आधी कपाटावरचं क्लॅरिनेट काढेल. संदिपान म्हणाला, इथं नको.

फाल्गुनात एका सकाळी दोघे तळेवाडीला उतरले. मास्तर देवळाच्या मागच्या लिंबाखाली बसले होते. दोघांच्या पावलांचा आवाज आला तशी त्यांनी मान वळवली. संदिपान पाया पडायला वाकला. मास्तरांनी त्याला उठू दिलं नाही. तसंच वाकलेलं ठेवून त्याच्या पाठीवर उजव्या बाजूला तळहात ठेवला.

“घे श्वास.”

संदिपाननं घेतला.

“सोड.”

सोडला.

मास्तरांनी हात तसाच ठेवून आणखी तीनदा घ्यायला लावला. मग हात काढून त्याच हातानं आपले डोळे पुसले. सहा वर्षं का आला नाहीस, असं त्यांनी विचारलं नाही. चहा झाला. गावातलं कोण गेलं, कोण कुठं असतं, ते सांगून झालं. डॉक्टर काय म्हणाले तेही संदिपाननं सांगितलं. फुफ्फुस पूर्ण फुलणार नाही, हे सांगताना त्यानं मान खाली घातली. पाठवणीतला तो पंचम आता येईल की नाही, आणि आला तरी पहिल्यासारखा येईल का, हे त्यानं मास्तरांना विचारलं.

मास्तर म्हणाले, मला माहीत नाही.

संदिपाननं पेटी उघडली. तुकडे जोडले. सूर काढणारी वेताची पत्ती ओठांत धरून ओली केली. आठ महिने कोरडी पडलेली पत्ती लवकर ओली होईना. श्रीरंग थोडा लांब, देवळाच्या भिंतीला टेकून बसला. त्याच्याजवळ ना वही होती ना पेन.

संदिपाननं वाजवायला सुरुवात केली.

सूर बारीक होता, त्याला थोडी खरखरही होती. पहिल्या ओळीच्या मधेच त्याला श्वास पुरेना. या वेळी त्यानं तो चोरला नाही. क्लॅरिनेट तोंडापासून दूर केलं, सगळ्यांना दिसेल असा पूर्ण श्वास घेतला आणि जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं धरलं. दुसऱ्या ओळीतही तसंच केलं. सूर चढू लागला. बोटांची चलाखी कुठंच नव्हती, एकेक सूर आपल्या पायांनी चालत होता. खालच्या वस्तीतल्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यातल्या एकीचं लग्न याच देवळाच्या अंगणात लागलं होतं.

पंचम आला.

तो विहिरीतला पंचम नव्हता. लहान होता, कापरा होता. पण संदिपान त्यावर टेकला, मागं फिरला नाही. दम होता तितका वेळ त्यानं तो धरला. मग दम संपला आणि सूर मधेच थांबला. धून अर्ध्यावरच राहिली. शेवटची ओळ त्याला वाजवता येणार नव्हती, हे त्यालाही कळलं होतं. त्यानं क्लॅरिनेट मांडीवर ठेवलं.



श्रीरंगाचे डोळे भरून आले होते. इतकी वर्षं इतक्या मैफलींत बसून, इतक्या लोकांबद्दल लिहून, त्याच्या तोंडून आपणहून कधी दाद गेली नव्हती. आता ती ओठांवर आली. त्यानं ती द्यायला श्वास घेतला.

मास्तरांनी त्याच्या दिशेनं हात वर केला. त्यांची मान कललेली होती, कान संदिपानच्या श्वासाकडं लागलेला होता.

“थांब...” ते म्हणाले. “वाजतंय अजून.”